चिऊच्या शाळेचे बटवे : साशिको, कोगिन आणि नेफ्याचा घोळ

१८ जानेवारी २०२५

आज बालवाडीची पालकसभा झाली. चिऊ एप्रिलपासून जाणार. दोन तास जपानीत ऐकून डोकं बधिर झालं होतं आणि शेवटी हातात एक कागद आला ज्यावर शिवायच्या वस्तूंची यादी, प्रत्येकीपुढे सेंटिमीटरमध्ये माप. कपची पिशवी १७ बाय २०. डब्याची पिशवी. बदलायच्या कपड्यांची पिशवी ३० बाय ३५. आतल्या बुटांची पिशवी, एक चपटी हातपिशवी, आणि शेवटी "झोकिन, २ नग" म्हणजे फरशी पुसायची फडकी. फडकीसुद्धा शिवून द्यायची.

यातल्या पहिल्या तीन म्हणजे किनचाकु. नाडी ओढली की तोंड बंद होणारी पिशवी, आपला बटवाच की. इथे हा शब्द कुठेकुठे जाऊन बसलाय बघा, समुद्रातल्या त्या फुलासारख्या प्राण्याला (सी अॅनिमोन) इसोगिनचाकु म्हणतात, किनाऱ्यावरचा बटवा. कायम कुणाच्या तरी मागे मागे असणाऱ्याला कोशिगिनचाकु, कमरेचा बटवा. आणि जुन्या काळी पाकीटमाराला किनचाकु-किरी, बटवा कापणारा. आपला खिसेकापू तो हाच! मला हे कळलं तेव्हा ट्रेनमध्ये एकटीच हसले.

नवरा म्हणाला अगं ऑनलाइन सगळा सेट रेडीमेड मिळतोय, युनिकॉर्नवाला. मिळतो, मी पण बघितलाय. पण गेले दोन वर्ष मी साशिकोचं (धावदोऱ्याचं जपानी भरतकाम) सामान घेऊन नुसतं ड्रॉवरमध्ये भरतेय आणि अडीच रुमाल सोडून काही केलेलं नाही, तर म्हटलं याच निमित्ताने करू. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तीन बटवे. म्हणून ही वही, नाहीतर मी मधेच सोडून देणार मला माहितीये.

२५ जानेवारी

निप्पोरीला जाऊन आले. घराजवळच्या निशी-कासाईहून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून तोक्यो स्टेशनपर्यंत चालत आणि मग यामानोते लाइन. निप्पोरी स्टेशनपासून साधारण किलोमीटरभर रस्ता नुसता कापडाचा, दोन्ही बाजूंनी दुकानं, बाहेर ताग्यांचे ढीग, चामडं, बटणं, झिपा, नाड्या. लक्ष्मी रोडला घेऊन जावं तसं पर्समध्ये मोजून पैसे नेले होते आणि तसेच संपले.

घेतलं ते : गडद निळं सुती कापड १ मीटर (धुऊन रंग घालवलेलं मुद्दाम विचारून घेतलं, कारण नीळ सुटली की पांढरा दोरा आकाशी होतो), साराशीचा एक रोल म्हणजे पांढरं पातळ सुती, पन्हा जेमतेम ३४ सेंटिमीटर, दोन पदरी करून वापरायचं. पांढरा आणि तांबडा साशिको दोरा. कोगिनसाठी (हे धागे मोजून करायचं भरतकाम) जरा विरळ विणीचं कापड, ज्याचे धागे डोळ्यांनी मोजता येतात, सेंटिमीटरला सातेक. एदो-उचि नावाची गोल विणलेली नाडी ५ मीटर. साशिकोची सुई आपल्या गोधडीच्या सुईसारखी लांब पण बारीक, ती आहे घरात.

नाडी मोजताना दुकानदार काकांनी विचारलं दोन्ही बाजूंनी ओढायची का एका. मी म्हटलं फरक काय. ते म्हणाले लहान मूल ना, मग दोन्ही. तेव्हा मी फक्त मान हलवली. हे वाक्य पुढे मला भारी पडलं, पण ते नंतर.

२९ जानेवारी

कपचा बटवा सुरू. कापड १९ बाय ४७, खाली घडी ठेवायची म्हणजे तळाला शिवण नको, दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर शिवणीला आणि वर दोन्हीकडे साडेतीन सेंटिमीटर नेफ्याला. घडीच्या तळामुळे मागचं डिझाइन उलटं होतं हे लक्षात ठेवायचं. मी आसानोहा घेतलंय त्याला उलटंसुलटं नाही, ते एक सुख.

आसानोहा म्हणजे आसाचं पान. आसा म्हणजे हेंप, भांगेचंच भावंड, आईला हे सांगितलेलं नाही. सहा पाकळ्यांची चांदणी, एकीला एक लागून, सगळीकडे पसरलेली. इथे तान्ह्या बाळाच्या झबल्यावर हे डिझाइन पूर्वीपासून घालतात कारण ते झाड सरळ आणि भराभर वाढतं, पोरही तसंच वाढावं. शिवाय वाईट नजर लागू नये म्हणून.

साशिको म्हणजे खरं तर काहीही अवघड नाही, धावदोरा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली "अगं ही तर गोधडी. यात जपानी काय?" बरोबरच आहे तिचं. दोन थर एकत्र धरायचे, फाटलेलं टिकवायचं, थंडीत ऊब आणायची, हेच काम होतं तिकडेही. फरक इतकाच की इथे कुणीतरी बसून त्या टाक्यांचे नियम केलेत. पुढचा टाका आणि मागचा टाका यांचं प्रमाण साधारण तीनास दोन, म्हणजे वर तांदळाच्या दाण्याएवढा दिसला पाहिजे आणि खालून सुई लगेच परत आली पाहिजे. जिथे रेषा एकमेकींना छेदतात तिथे टाक्यांची फुली होऊ द्यायची नाही, मधे बारीकशी जागा मोकळी सोडायची, आसानोहाच्या मध्यावर सहा टाके येतात पण भेटत नाहीत. आणि गाठ मारायची नाही, सुरुवातीला आणि शेवटी तीनेक टाके परत त्याच भोकांतून. (गाठ मारली. दोनदा. सवय.)

१ फेब्रुवारी

रेषा पुसल्या गेल्या! पांढऱ्या खडूच्या कार्बनपेपरने उतरवल्या होत्या, कापड हातात फिरवून फिरवून अर्ध्यावरच उडाल्या, उजवीकडच्या चांदण्या नुसत्या अंदाजाने. परत कापड पसरून परत छापलं, यावेळी तुकड्या-तुकड्याने, शिवायचं तेवढंच.

आणि कापड आकसलंय. नऊ सेंटिमीटरचा पट्टा साडेआठ झालाय. हे माझं नेहमीचं, दोरा खेचून ओढायचा. प्रत्येक ओळीनंतर कापडाच्या पाठीवरून बोटांनी दोरा सपाट करत सरकवायचा, त्याला इतोकोकि म्हणतात, आणि कोपऱ्यावर वळताना मागे थोडा ढील ठेवायचा, बारीकसा फास राहील इतका. वाचलं होतं मी हे. वाचणं आणि हात हे दोन वेगळे विभाग आहेत माझ्याकडे.

उसवलं. चार ओळी. दीड तास गेला.

८ फेब्रुवारी

आज हारी-कुयो, सुयांचं श्राद्ध म्हणा किंवा निरोप म्हणा. कांतोमध्ये (तोक्योच्या बाजूला) ८ फेब्रुवारीला, कानसाईत (ओसाका-क्योतोकडे) बऱ्याच ठिकाणी ८ डिसेंबरला. आसाकुसाच्या सेनसोजी देवळाच्या आवारात आवाशिमादो म्हणून छोटं देऊळ आहे तिथे गेलो, चिऊला घेऊन. ट्रेमध्ये पांढऱ्याशुभ्र तोफूची भली मोठी वडी. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या, गंजलेल्या सुया आणून त्यात टोचायच्या. इतकी वर्ष जाड कापडातून गेलीस, आता काहीतरी मऊ. आजूबाजूला किमोनोतल्या बायका, फॅशन कॉलेजच्या मुली, एक टेलर आजोबा ज्यांच्याकडे डबीभर सुया होत्या.

माझ्याकडे दोनच. एक साशिकोची, मध्यावर वाकलेली, आणि एक मशीनची, टोक तुटलेली. चिऊनेच टोचल्या. सुई तोफूत जाताना काहीच आवाज होत नाही आणि काहीच अडत नाही, ती म्हणाली "दुखत नाही त्याला?" मी म्हटलं तोफूला की सुईला. ती म्हणाली दोघांना.

आपल्याकडे खंडेनवमीला शिलाई मशीनला हळदकुंकू, फूल. बाबांच्या दुकानात कात्रीलापण. फरक एवढाच की आपण चालू हत्याराची पूजा करतो आणि हे मोडलेल्याची.

१२ फेब्रुवारी

कपच्या बटव्याची भरतकामाची बाजू पूर्ण. दोन्ही बाजूंना आसानोहा, पूर्ण वरपर्यंत. पट्टाच करणार होते पण हात बसला आणि थांबवेना. आकसणं आता नाही. मागची बाजू पण दाखवण्यासारखी. साधारण २२ तास लागले असतील तुकड्या-तुकड्याने, चिऊ झोपल्यावर.

१५ फेब्रुवारी

नेफा.

आता लिहिते जे काकांनी सांगितलं होतं. दोन्ही बाजूंनी ओढायची नाडी म्हणजे दोन नाड्या, प्रत्येकी ५० सेंटिमीटर, एक डावीकडून घालून सगळा फेरा मारून परत डावीकडे, दुसरी उजवीकडून तशीच. त्यासाठी बाजूच्या शिवणी वर सहा सेंटिमीटर उघड्या ठेवायच्या, त्या कडा दुमडून टीप मारायची आणि मग नेफा. हे सगळं केलं. सेफ्टी पिनने नाड्या ओवल्या. ओढलं.

बटवा बंद होतच नाही.

म्हणजे होतो, मी ओढला की. पण भरतकाम नेफ्यापर्यंत गेलंय, दोन थरांचं कापड, त्यावर दाट दोरा, नेफ्यात घडी झाली की चार थर आणि वर टाके, चुण्याच पडत नाहीत, तोंड अंबाडीच्या भाजीच्या जुडीसारखं ताठ उभं. चिऊच्या हातात दिलं. तिने दोन्ही नाड्या धरल्या, दात ओठ खाऊन ओढल्या, मग बटवा पायात धरून ओढला, आणि मग शांतपणे माझ्याकडे परत दिला.

कपडे बदलणं, कप काढणं, परत घालून तोंड बंद करणं, हे सगळं तीन वर्षांच्या पोराने स्वतः करायचं म्हणूनच तर शाळा बटवा मागते. चेन नाही, बटण नाही, नाडी. दोन्हीकडून दोन नाड्या म्हणजे दोन हातांनी दोन बाजूंना खेचलं की झालं, एका नाडीला एक हात पिशवी धरायला लागतो आणि दुसरा ओढायला, ते लहान हातांना जमत नाही. काका हेच म्हणत होते. मी दोन नाड्या घातल्या आणि त्यांचा उपयोग घालवला.

आज काही करणार नाही. राग आलाय.

१६ फेब्रुवारी

उपाय सापडला, फार मोठा नाही. वरचे पाच सेंटिमीटर कापून टाकले. हो, भरतकामासकट. त्या जागी पातळ साराशीचा वेगळा पट्टा जोडला, एकाच थराचा, निळ्याला पांढरी कॉलर असते तशी. नेफा त्यात. आता दोन बोटांनी बंद होतो. आणि खरं सांगू का, दिसतोही बरा, निळा तळ आणि वर पांढरं तोंड.

नियम लिहून ठेवते, मोठ्या अक्षरात : भरतकाम नेफ्याच्या खाली दोन सेंटिमीटरला थांबलं पाहिजे. मी पट्टा ठरवला होता तोच बरोबर होता.

कापलेल्या पट्ट्या ठेवल्यात, फेकवत नाहीत.

२१ फेब्रुवारी

डब्याचा बटवा, दोन पदरी साराशीवर तांबड्या दोऱ्याने. यावेळी पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने रेषा. सगळं नीट, टाके सुंदर, नेफ्यापासून लांब. भरून झालं, म्हटलं जरा इस्त्री फिरवू म्हणजे सपाट होईल मग धुऊ.

ज्यांना माहितीये त्यांनी इथे डोक्याला हात लावला असेल. पाण्याने जाणारी शाई आधी धुवायची, मग इस्त्री. गरम झाली की ती पक्की बसते. आता तांबड्या टाक्यांच्या बाजूने सगळीकडे मळकट तपकिरी रेषा, चहा सांडल्यासारख्या.

तीन वेळा धुतलं. नाही.

२२ फेब्रुवारी

झोकिन, २ नग. पैकी १ नग तयार! साशिकोचं खरं घर तेच तर आहे, फडकी आणि काम करायचे कपडे, दोन पदर शिवून घट्ट करायचे म्हणजे चुरगाळून पिळून फाटत नाही. चिऊच्या वर्गाची फरशी जपानमधल्या सगळ्यात नक्षीदार फडक्याने पुसली जाणार.

२ मार्च

डब्याचा बटवा आता कोगिनमध्ये करतेय. रेषाच काढायच्या नाहीत म्हणजे पेन नको, इस्त्रीची भीती नको. फक्त धागे मोजायचे.

कोगिन हे त्सुगारुचं, म्हणजे आजच्या आओमोरी प्रांताचा पश्चिम भाग, जिथे बर्फ माणसाच्या डोक्यावर जातो. १७२४ मध्ये तिथल्या संस्थानाने शेतकऱ्यांनी काय घालायचं याचे काटकसरीचे नियम काढले आणि सुती कपडा बंद केला. राहिलं काय, तर हेंपचं जाडंभरडं, विरळ विणीचं कापड, ज्यातून वारा आरपार. मग बायकांनी त्या विणीतली भोकं दोऱ्याने बुजवली. खांदे, छाती, पाठ, जिथे ओझ्याने घासतं आणि जिथे गारठा लागतो तिथे दाट. आडव्या ओळीत सुई चालवायची आणि उभे धागे मोजायचे, १, ३, ५, ७, कायम विषम. शेजारच्या नानबु भागात हिशिझाशि म्हणून याचंच भावंड आहे, तिथे सम मोजतात, २, ४, ६. विषमाने शंकरपाळी उभट होते, समाने आडवी पसरट. एवढ्याशा फरकाने लांबूनच कळतं कुठलं आहे.

छोट्या छोट्या नमुन्यांना मोदोको म्हणतात आणि त्यांची नावं तिकडच्या बोलीत. मामेको, घेवड्याचा दाणा. हानाको, फूल. नेको नो मानागु, मांजरीचा डोळा. तेकोना, फुलपाखरू. फुकुबे, भोपळा. शेवटी तो "को" लावतात तो लाडाचा, आपण घराचं घरकुल करतो तसा. ही सगळी घरात, परड्यात दिसणारी चीज. राजा नाही, मोर नाही, कमळ नाही.

चिऊने मांजरीचा डोळा निवडला.

३ मार्च

मधल्या ओळीपासून सुरू करायचं, दोरा मध्यावर, अर्धा डावीकडे अर्धा उजवीकडे, वरचं अर्धं झालं की खालचं. पहिल्या ओळीत एक धागा चुकला तर पुढची शंभर चुकतात. चुकला. एकोणिसाव्या ओळीला कळलं की मांजर तिरळी आहे.

आज हिनामात्सुरी, मुलींचा सण, बाहुल्या मांडतात, शेजारून गुलाबी पांढऱ्या हिरव्या हिशिमोचि आल्या. त्याही शंकरपाळीच. मला सगळीकडे शंकरपाळ्या दिसायला लागल्यात.

७ मार्च

खालच्या मजल्यावरच्या आजी मूळच्या त्सुगारुच्या निघाल्या! तीन वर्ष लिफ्टमध्ये हवापाण्याच्या गप्पा मारतोय आणि हे आज कळलं, माझ्या हातात ते कापड बघून. १९६४ च्या वसंतात पंधराव्या वर्षी नोकरीला म्हणून आल्या, त्या काळी शाळा संपवलेल्या पोरापोरींना घेऊन खास ट्रेन सुटायच्या आओमोरीहून उएनोला, त्यातून.

मला वाटलं आता मला काहीतरी खास शिकायला मिळणार. त्या म्हणाल्या मला येत नाही बाई. आमच्या आजीचा एक होता, फडताळात. आम्हाला लाज वाटायची, गरिबीचा कपडा तो. आणि तुम्ही शिवणाला कोगिन म्हणता पण आमच्या घरी कोगिन म्हणजे तो अंगरखाच, शिवण नव्हे. (हे नंतर वाचलं तर खरंच तसंच आहे, नाव आधी त्या आखूड कामाच्या अंगरख्याचं.) मळून मळून पांढरा दोरा राखाडी झाला की आख्खा परत निळीत बुडवायचे, मग नक्षी दिसायची पण नाही, हात फिरवला तर लागायची.

मी विचारलं तुमच्या मुलांचे शाळेचे बटवे? म्हणाल्या, विकत. गाडीचं चित्र होतं. मग माझं कापड उलटं करून मागची बाजू बघितली, बराच वेळ, आणि "एक चुकलाय" म्हणून बोट ठेवून लिफ्टमधून उतरल्या. येत नाही म्हणे.

११ मार्च

आज १४ वर्ष झाली त्सुनामीला. दुपारी २:४६ ला सगळे थांबले होते, मी पण सुई खाली ठेवली.

इवाते प्रांतात ओत्सुचि म्हणून गाव आहे, त्यात प्रचंड वाताहत झाली, आणि २०११ मध्येच तिथे साशिकोचा प्रकल्प सुरू झाला, निवाऱ्यात राहणाऱ्या बायकांसाठी. घर नाही, दुकान नाही, कारखाना नाही, बसायला चटईएवढी जागा. त्यात करता येईल असं काय? सुई, दोरा, कापडाचा तुकडा. मी माझ्या टेबलावर पसरलेला पसारा बघितला, तीन प्रकारचे चिमटे, दोन दिवे, भिंग, कापायचा बोर्ड, आणि जरा आवरून ठेवला.

१८ मार्च

डब्याचा बटवा झाला. कोगिन फक्त पुढच्या बाजूला, मधोमध १० बाय १० चा तुकडा, मांजरीचे नऊ डोळे. आजींनी दाखवलेला चुकलेला धागा तसाच आहे, ती ओळ उसवायची तर अर्धा बटवा उसवावा लागला असता. तळाला सहा सेंटिमीटरचा चपटेपणा दिलाय, कोपरे त्रिकोणी शिवून, म्हणजे डबा आडवा न होता बसतो. आत पातळ अस्तर, कारण कोगिनचे मागचे दोरे मोकळे असतात, काट्याचमच्यात अडकतील. नेफा एकाच थराचा. चिऊकडून सात वेळा उघडझाप करून घेतली. पास.

कपड्यांची मोठी पिशवी मात्र मी मशीनवर शिवली, साध्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, पाऊण तासात. ३० बाय ३५ भरत बसले असते तर पोर पहिलीत गेली असती. फक्त मागे वरच्या बाजूला एक सेमामोरि घातला. मोठ्या माणसाच्या किमोनोला पाठीच्या मध्यावर शिवण असते आणि ती शिवण पाठ राखते अशी समजूत. लहान मुलाचा कपडा कापडाच्या एकाच पन्ह्यात होतो, पाठीला शिवणच नाही, मग मागून काही वाईट आत शिरू नये म्हणून आया तिथे थोडे टाके घालायच्या. साधा प्रकार म्हणजे बारा टाके, नऊ उभे तीन तिरपे, वर्षाचे बारा महिने. आपण काजळाची तीट लावतो, तिही दिसावी म्हणूनच लावतो ना. तांबडा दोरा वापरला. पाच मिनिटं लागली आणि सगळ्यात आवडता भाग तोच झालाय माझा, काय म्हणावं.

२४ मार्च

कापलेल्या पट्ट्या आठवतात? तो आसानोहाचा वरचा भाग. त्यांचं कोमेबुकुरो करतेय. शाळेच्या यादीत नाही हे, माझ्यासाठी.

कोमेबुकुरो म्हणजे तांदळाची पिशवी, देवळात किंवा कुणाच्या घरी कार्याला तांदूळ न्यायची. चौकोनी तळ, चार बाजू, आणि तोंडाला नेफा नाही! वरच्या काठावर कापडी फासे शिवायचे आणि त्यातून नाडी. नेफ्याचा सगळा प्रश्नच कुणीतरी फार पूर्वीच असा सोडवून ठेवला होता आणि मी फेब्रुवारीत रडत बसले होते. कापड कितीही जाड असू दे, फासे बाहेर आहेत, नाडी सरकते.

जुनी कोमेबुकुरो चिंध्या जोडून केलेली असतात, चांगल्या कपड्यातून उरलेला हातभर तुकडा, कुठे रेशीम कुठे सुती, कारण देवाच्या दारात जायची ना ती, घरातलं बरं तेच लावायचं. माझ्यात : एका बाजूला आसानोहाच्या पट्ट्या, एका बाजूला आईच्या इरकलीचा पदराकडचा तुकडा (ती साडी कधीच विरली होती, तिनेच पाठवला), एक खणाचा, एक चिऊच्या दुपट्याचा. तळ निळा. बाजू १४ सेंटिमीटर. पूर्ण मापाची पिशवी एक शो तांदळाची असते म्हणतात, १.८ लिटर, माझ्यात तेवढा मावतो, वर चार बोटं उरतात. फासे आठ.

खण निसरडा आहे, इरकलीला सुई लागली की धागे सरतात, म्हणून त्या दोघांना मागून साराशी लावून मगच धावदोरा. आईने फोटो बघून विचारलं, इरकलीचा काठ उलटा का लावलास. बघितलं तर उलटाच.

३० मार्च

पाडवा. सकुरा पूर्ण फुललाय, बाल्कनीत गुढी, खाली आख्खी निशी-कासाई बागेत निळी ताडपत्री टाकून बसलेली. संध्याकाळी मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं तिच्या घरी, ओटीचे तांदूळ, नारळ आणि खण न्यायचा होता. प्लास्टिकच्या डब्याऐवजी कोमेबुकुरोतून तांदूळ नेले. नारळ मावला नाही. तांदूळ ओतल्यावर पिशवी परत द्यायला लागली ती, मी म्हटलं राहू दे, तुझ्या बाळाला तीन वर्षांनी यादी येईलच. मग घरी येताना वाटलं की ठेवायला हवी होती. इरकलीचा तेवढाच तुकडा होता.

५ एप्रिल

राहिलेलं : बुटांची पिशवी (मशीन, झाली), हातपिशवी (मशीन, झाली), दुसरं झोकिन (जुना टॉवेल, झाला). आता सगळ्यावर नाव. सगळ्यावर म्हणजे सगळ्यावर, प्रत्येक मोज्यावर, क्रेयॉनच्या प्रत्येक कांडीवर, झोकिनवर. हिरागानात, म्हणजे जपानीच्या सोप्या लिपीत. भरतकामात नाव घालणार होते पण वेळ नाही, इस्त्रीने चिकटणाऱ्या पट्ट्या आणल्या. इस्त्री लावताना हात थरथरला.

११ एप्रिल

शाळा सुरू होऊन दुसरा दिवस. कपचा बटवा ओला होऊन परत आला, आत कप चिऊचा पण झाकण दुसऱ्या कुणाचं तरी. दप्तरातल्या वहीत शिक्षिकेची चिठ्ठी, मला वाटलं बटव्याबद्दल काहीतरी असेल, तर होतं एवढंच की नाडीच्या दोन्ही टोकांना पण नाव लावावं, सुटून हरवतात.

चिऊला विचारलं बटवा उघडता आला का. "आला. आणि मी शेजारच्या मुलाचा पण उघडून दिला, त्याला एकच नाडी आहे."

आसानोहाच्या एका कोपऱ्यात दोरा निघालाय, जिथे मी गाठ न मारता टाके परत नेले होते तिथे बहुतेक दोनच नेले होते, तीन नाहीत. आज रात्री बसवते. आणि जूनमध्ये पोहायच्या सामानाची पिशवी लागणार आहे, ४० बाय ३५, आतून प्लास्टिकचं अस्तर. ती विकत.